आपलं मेमरी कार्ड आता कोण भरतंय?

दर सोमवारी स्पॉटिफाय ही कंपनी तिच्या प्रत्येक ग्राहकाला तीस गाण्यांची एक यादी पाठवते. जुलै २०१५ पासून जगभर हे चालू आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनी भारतात आली आणि ती यादी वडूजच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्या पोरापर्यंतही येऊन पोहोचली. यूट्यूबचा तर आठवडा नसतोच. एक गाणं संपायच्या आत दुसरं तयार असतं. ही यादी कोण करतं, कशाच्या आधारावर करतं आणि त्यात आपल्या माणसांची नवी गाणी का येत नाहीत, हा प्रश्न आम्हाला आज मांडायचा आहे. प्रश्न करमणुकीचा वाटेल. पण ज्या चळवळीचा निम्मा इतिहास गाण्यातून घरोघरी गेला, तिच्यासाठी तो करमणुकीपुरता राहत नाही.

कॅसेटपासून कार्डापर्यंत

आपल्या लोकांनी गाणी वाटून घेणं ही काही मोबाईलने शिकवलेली गोष्ट नाही. १९३१ च्या सुमारास भीमराव कर्डकांनी नाशिक भागात आंबेडकरी जलसा उभा केला आणि गावोगाव नेला. आपली एक सभा आणि जलसेकरांचा एक कार्यक्रम यांची तुलना करताना बाबासाहेबांनी जलशाला झुकतं माप दिल्याची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. सातारा जिल्ह्यात त्याआधीच सत्यशोधक जलशांनी सावकारी आणि भटशाहीविरुद्ध रान उठवलं होतं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठेंनी १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथक काढलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली आणि ती लोकांनी वह्यांमध्ये उतरवून एका गावातून दुसऱ्या गावात नेली.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज वस्तीवस्तीत पोहोचले ते या कॅसेटमुळे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग असायचे. तालुक्याच्या गावाला मात्र आणखी एक सोय होती. कॅसेटच्या दुकानात कोरी साठ मिनिटांची किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची. दुकानदार ती भरून द्यायचा. चिठ्ठीतलं गाणं नसलं की स्वतःच्या पसंतीचं एखादं टाकायचा. पुढे सीडी आली, मग मोबाईलच्या दुकानावर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी पाटी लागली. परदेशात ज्याला मिक्सटेप म्हणतात ती हीच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सत्तरच्या दशकात हिपहॉप जन्माला आलं तेव्हा तेही कुठल्या कंपनीने पसरवलं नव्हतं. गल्लीतल्या कार्यक्रमांच्या कॅसेट हातोहात फिरल्या, म्हणून ते शहरभर गेलं.

कार्ड भरणारा हा माणूस सर्वज्ञ नव्हता. चोरीची गाणी भरायचा, कवीचं नाव कधीच सांगायचा नाही. पण तो माणूस होता. गिऱ्हाईक कोणत्या वस्तीतून आलंय, जयंती जवळ आली आहे की लग्नसराई आहे, हे त्याला कळायचं. 'हे नवीन आलंय, ऐकून बघ' म्हणायचा. हे एक वाक्य आज आपल्या ऐकण्यातून गेलं आहे.

यंत्राला नवं गाणं कसं कळणार?

यंत्र यादी करतं ते दोन गोष्टी बघून. तुम्ही आधी काय ऐकलं आणि तुमच्यासारखं ऐकणाऱ्या इतरांनी काय ऐकलं. ज्या गाण्याला आधीच लाखो श्रोते आहेत त्याची शिफारस करायला यंत्राकडे भरपूर माहिती असते. ज्या गाण्याला चाळीस श्रोते आहेत त्याच्याबद्दल यंत्राकडे माहितीच नसते, म्हणून ते पुढे येत नाही आणि पुढे येत नाही म्हणून चाळीसचे एक्केचाळीस होत नाहीत. यात कुणाचा जातीय डाव असलाच पाहिजे असं नाही. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्यालाच आणखी देणारी ही रचना आहे, आणि अशा रचनेत सर्वात मागे कोण राहतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

परिणाम काय होतो ते एप्रिल महिन्यात बघा. चौदा एप्रिलला जिल्ह्याच्या कोणत्याही गावात जा, मिरवणुकीत तीच वीस-पंचवीस गाणी. ती चांगली आहेत, त्यांनी आपल्याला उभं केलं आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ज्यांच्या फोनमध्ये शंभर भीमगीतं आहेत त्यांना गेल्या तीन वर्षांत लिहिलेली पाच गाणी विचारून पाहा. त्या गाण्यांच्या कवींची नावं विचारून पाहा. उत्तर येणार नाही. दोष त्या पोरांचा नाही, कारण त्यांच्यापर्यंत काही आलेलंच नाही.

आणि नवं लिहिलं जात नाही असंही नाही. एकतारीवर गाणाऱ्या औरंगाबादच्या कडुबाई खरात कुठल्या कंपनीच्या जाहिरातीने महाराष्ट्राला माहीत झाल्या नाहीत. लोकांनी मोबाईलवर टिपलेलं त्यांचं गाणं लोकांनीच पुढे पाठवलं. अमरावतीचा विपिन तातड रॅपमधून जातीचा प्रश्न मांडतो. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅपगटाने २०१९ मध्ये आरेच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आदिवासींच्या जंगलजमिनीवर गाणं केलं. ओडिशाच्या कोरापुटचा सुमीत सामोस रॅपमधून जातिव्यवस्थेला प्रश्न विचारतो. पंजाबात जालंधरची गिन्नी माही बाबासाहेब आणि गुरू रविदासांवर गाते. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गट पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि चेन्नईच्या गाना या वस्तीसंगीताला मंचावर मान मिळाला. यातलं किती वडूज, मायणी, पुसेसावळी, निमसोड, कातरखटावच्या आपल्या तरुणांच्या कानावर गेलं? आणि उलट बाजूने, माण-खटावच्या दुष्काळावर, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांवर, पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरींवर आपल्यातला कुणी गाणं करत असेल, तर ते चेन्नईला राहू द्या, कराडला तरी पोहोचतं का?

न पोहोचलेली चिठ्ठी

खटाव तालुक्याला बाबासाहेबांच्या चरित्रात एक जागा आहे आणि ती आपण विसरता कामा नये. १९०१ मध्ये सुभेदार रामजी सकपाळ याच तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार म्हणून काम करत होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. सुट्टीत वडिलांना भेटायला नऊ वर्षांचा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरला. जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, तोही गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. पाण्यावाचून रात्र काढावी लागली. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते वाचलं आहे.

त्यातला एक तपशील आपण सहसा वाचून पुढे जातो. मुलांनी येत असल्याची चिठ्ठी आधी पाठवली होती. ती गोरेगावला पोहोचलीही होती. वडिलांच्या नोकराने ती वेळेवर त्यांच्या हातात दिली नाही, म्हणून स्टेशनवर कुणी न्यायला आलं नाही. गाडीवानाचा नकार जातीचा होता आणि तो मोठा अन्याय. पण मध्ये उभा असलेला माणूस चिठ्ठी पुढे द्यायला विसरला, म्हणून ती मुलं त्या अन्यायासमोर एकटी पडली. लिहिणारा लिहितो, गाणारा गातो, ऐकणारा ऐकायला बसलेला असतो. मधला माणूस विसरला की सगळं थांबतं. आज स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्या आपल्या पोरापोरींची अवस्था नेमकी अशी आहे. ध्वनिमुद्रण स्वस्त झालं, मोबाईलवर होतं. गाणं अपलोड करायला पैसे लागत नाहीत. अडलंय ते पुढे देण्यापाशी.

याच तालुक्यात औंधला १९४० पासून शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. पिढ्या बदलल्या, संस्थान गेलं, महोत्सव राहिला. सांगली जिल्ह्यात मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला याचा आनंदच आहे. यातून शिकायचं ते एवढं, की संगीत टिकतं ते ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या जागी, पुन्हा पुन्हा ऐकणारी माणसं जमतात तेव्हा. आपल्या गाण्याला जयंतीचा एक दिवस मिळतो. उरलेले ३६४ दिवस त्याला ठिकाणा नाही.

पैशाचा सरळ हिशेब

स्वतंत्र गाणाऱ्याला पैसे कसे मिळतात ते नीट समजून घेऊ, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायचा तर २०१८ पासूनचा नियम असा: चॅनलला किमान एक हजार सदस्य हवेत आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलं पाहिजे. पाच मिनिटांचं एकच गाणं असेल, तर ते वर्षात ४८ हजार वेळा पूर्ण ऐकलं गेल्याशिवाय हे तास भरत नाहीत. वस्तीतल्या पोराने हे एकट्याने कसं गाठायचं? छोट्या व्हिडिओंचा दुसरा रस्ता आहे, पण तिथे लागणारा आकडा लाखांत नाही, कोटीत मोजतात.

स्पॉटिफायने २०२४ पासून वेगळी अट घातली. मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत नाहीत. त्या गाण्याचा वाटा मोठ्या गाण्यांच्या हिशेबात जातो. अटी आपण ठरवलेल्या नाहीत, पण त्यातला एक आकडा आपल्या आवाक्यात आहे. शंभर माणसांनी एक गाणं दहा वेळा मनापासून ऐकलं की हजार होतात. खटाव तालुक्यात आपली शंभर ऐकणारी माणसं नाहीत का? यासाठी रात्रभर आवाज बंद करून गाणं वाजवत ठेवण्याची गरज नाही. तसं करूही नये. ती फसवणूक आहे, कंपन्या अशी गाणी काढून टाकतात आणि आपल्या शीलातही ते बसत नाही. ऐकायचं ते आवडीने. मिळणारी रक्कम किरकोळच असेल. पण यंत्राच्या लेखी ते गाणं 'आहे' असं होतं आणि पुढची शिफारस तिथून सुरू होते.

खरा आधार कंपनीकडून येणार नाही, तो थेट येईल. अमेरिकेतल्या बँडकॅम्प या संकेतस्थळाने मार्च २०२० मध्ये, कोरोनाने कार्यक्रम बंद पडले तेव्हा, ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली. त्या दिवशी विकत घेतलेल्या गाण्यांमधून कलावंताला जास्त पैसे मिळू लागले. आपल्याकडे चहाच्या टपरीवर क्यूआर कोड आहे. गाण्याखाली गाणाऱ्याचा कोड आणि ऐकणाऱ्याने दिलेले दहा-वीस रुपये, यात मध्ये कुणीच नाही. जयंतीला डीजेच्या भाड्यासाठी किती वर्गणी गोळा होते ते आपण सगळे जाणतो. त्यातला दहावा हिस्सा परिसरातल्या एका नव्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी बाजूला काढला तर मिरवणूक काही छोटी होणार नाही, आणि पुढच्या वर्षी मिरवणुकीत वाजवायला आपलं स्वतःचं एक गाणं असेल.

कवीचं नाव कुठे गेलं?

आपल्या गाण्यांच्या बाबतीत सर्वात मोठी चोरी पैशाची नसून नावाची आहे. गायकाचं नाव राहतं, कंपनीचं राहतं, कवीचं गळतं. वामनदादांची कितीतरी गाणी लोक 'पारंपरिक' म्हणून गातात. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. भारतात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. ती पारंपरिक नाहीत, एका माणसाने उपाशीपोटी हिंडून लिहिलेली आहेत.

हा प्रकार फक्त आपल्याकडे घडतो असं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' या मासिकाने दक्षिणेतल्या गाजलेल्या गाण्यांच्या निमित्ताने मुखपृष्ठ केलं. त्यावर इतर दोन कलावंत होते. ज्याने शब्द लिहिले तो अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, लोकांनी समाजमाध्यमांवर विचारणा केली, तेव्हा मासिकाने अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. ऐकणारे जागे असले की नाव परत मिळतं, हा त्यातला धडा.

गाणी लिहिणाऱ्या आपल्या तरुणांनी कायदाही माहीत करून घ्यावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारावर सही घेऊनही काढून घेता येत नाही. हा वाटा गोळा करण्यासाठी आय.पी.आर.एस. ही नोंदणीकृत संस्था आहे आणि तिचं सदस्य होता येतं. गाणं कुणाला देताना व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळं होऊ नका. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे लिहून घ्या. दुसरं असं की सिनेमाच्या चालीवर गीत बसवणं ही जलशाची जुनी आणि चांगली रीत होती. लोकांना चाल माहीत असली की शब्द लगेच तोंडात बसतात. पण आज यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते आणि जाहिरातीचे पैसे मूळ कंपनीकडे वळवते. म्हणून स्वतःची चाल बांधणं हा आता स्वाभिमानाचा आणि व्यवहाराचाही प्रश्न आहे.

यंत्राने लिहिलेली भीमगीतं

आता आणखी एक नवं संकट दारात आहे. एक ओळ टाइप केली की कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटभरात गाणं तयार करून देते, आवाजासकट. फ्रान्सच्या डीझर या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की तिच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी सुमारे १८ टक्के, म्हणजे वीस हजारांहून अधिक गाणी, पूर्णपणे यंत्राने केलेली असतात. त्याच वर्षी उन्हाळ्यात 'वेल्व्हेट सनडाउन' नावाच्या बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून अधिक श्रोते मिळाले आणि मग कळलं की असा बँड अस्तित्वातच नाही.

बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या नावानेही अशी गाणी येत आहेत. चकचकीत चित्रं, भारदस्त आवाज आणि कधी साफ चुकीचा इतिहास. आमचा विरोध यंत्राला नाही. ज्याच्याकडे वाद्यवृंद नाही त्याने यंत्राकडून ढोलकी वाजवून घेतली तर बिघडत नाही. पण जलशाची ताकद ही होती की समोर उभा असलेला माणूस जे भोगलं ते गात होता. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबारात आपली दहा माणसं मारली गेली. ते बघून शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. त्यांच्या गाण्याला मागे एक आयुष्य होतं. गाणं कानावर आलं की 'हे कुणाचं?' असं विचारणं, हे आता ऐकणाऱ्याचं कर्तव्य झालं आहे. ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं होतं. ते गाण्यालाही लागू पडतं.

आणि आपण पैसे कुठे देतो हेही बघावं लागेल. जून २०२५ मध्ये स्पॉटिफायचे संस्थापक डॅनियल एक यांच्या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने जर्मनीच्या हेलसिंग या युद्धतंत्रज्ञानाच्या कंपनीत साठ कोटी युरो आले. त्यावर डीअरहूफ, किंग गिझर्ड यांसारख्या गटांनी आपली गाणी तिथून काढून घेतली. उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत हे सांगताना तथागतांनी शस्त्रांचा व्यापार पहिला घेतला आहे. सगळ्यांनी आजच अॅप काढून टाका असं आम्ही म्हणत नाही; गावातल्या गाणाऱ्याला दुसरा रस्ता नसतो. पण सम्यक आजीविकेची चर्चा करताना हा विषय टाळता येणार नाही.

आक्षेप आणि आमचं म्हणणं

विहारात गाण्यांची यादी कशाला, असं काही ज्येष्ठ उपासक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. अष्टशील घेणारा उपोसथाच्या दिवशी नृत्य-गायनापासून दूर राहतो. म्हणून पौर्णिमेला यादी पाठवू नये, एवढी मर्यादा आपण पाळू. पण पंचशीलात गाण्याला मनाई नाही. दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणेवर गातो. त्याच्या गाण्यात बुद्ध आणि धम्म आहेत, तसं त्याचं प्रेमही आहे. भगवंत त्याला हाकलून देत नाहीत. तुझी तार आणि तुझा आवाज एकमेकांत छान मिसळतात, असं म्हणतात. गाणं ऐकून कौतुक करायला त्यांना कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

दुसरा आक्षेप तरुणांकडून येईल. आम्हाला डीजे आवडतो, नाचायला आवडतं, तुम्ही कोण आवड ठरवणारे? बरोबर आहे. ज्या समाजाला रस्त्यावरून चालताना थुंकीसाठी गळ्यात मडकं बांधावं लागलं, त्याने त्याच रस्त्यावर दणक्यात नाचावं, यात गैर काही नाही. आम्हाला डीजे बंद करायचा नाही. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये दहा नवी गाणी घालायची आहेत.

तिसरा आक्षेप सर्वात खरा आहे. यादी करणारे पुढारी होतील, आपल्याच गटाची, आपल्याच पक्षाची गाणी टाकतील. आपल्याकडे एका गावात दोन जयंत्या होतात, तिथे दोन याद्या व्हायला वेळ लागणार नाही. त्यावर उपाय एकच. यादी करणारा दर आठवड्याला बदलला पाहिजे.

येत्या वर्षावासापासून

आमचा प्रस्ताव असा. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. तीन महिने, साधारण तेरा रविवार. वंदना आणि वाचन झालं की त्या आठवड्याची आठ गाण्यांची यादी गटावर पाठवायची. तेरा आठवड्यांत १०४ गाणी होतात. वडूजच्या परिसरातल्या एका विहाराने सुरुवात केली तरी पुरे.

नियम मोजके असावेत. दर आठवड्याला नवा माणूस यादी करेल, आणि एक आठवडा मुलाकडे गेला तर पुढचा मुलीकडे. आठपैकी निदान चार गाणी अशी हवीत की ज्यांना अजून फारसे श्रोते नाहीत. एक गाणं जुनं, कवीच्या नावासकट. एक गाणं दुसऱ्या भाषेतलं, मग ते तमिळ असो, पंजाबी असो की ओडिया, आणि त्याचा अर्थ दोन ओळींत मराठीत. एक गाणं सातारा-सांगलीतल्या कुणाचं तरी, मोबाईलवर टिपलेलं चालेल. प्रत्येक गाण्यापुढे शब्द, चाल, आवाज आणि गाव लिहायचं. गाणं फाइल करून फिरवायचं नाही. गाणाऱ्याच्या स्वतःच्या चॅनलची लिंक द्यायची, म्हणजे ऐकणं त्याच्या खात्यात जमा होईल. एकदा आलेलं गाणं त्या वर्षावासात पुन्हा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या रविवारी दहा मिनिटं त्यावर बोलायचं. कुठलं आवडलं, कुठलं नाही आणि का. नावडलं तर तेही सांगायचं. आपल्याकडे गाणं एकतर डोक्यावर घेतात किंवा ऐकतच नाहीत. लिहिणाऱ्याला त्याची ओळ कुठे कमी पडली हे सांगणारं कुणी नसतं. अशी दहा मिनिटं मिळाली तर चांगले कवी तयार होतील. आपली कितीतरी माणसं पुण्या-मुंबईत आहेत, एमआयडीसीत आहेत, याच भागातले लोक गलाईच्या कामासाठी देशभर पांगले आहेत. त्यांच्या फोनवरही तीच यादी त्याच रविवारी जाईल. गावात काय चाललंय हे त्यांना फक्त मयताच्या निरोपातून कळावं, हे बरं नाही.

दर रविवारी आपण धम्माला वंदन करताना 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. नवं गाणं पुढे पाठवताना यापेक्षा वेगळं काय सांगायचं असतं? ऐकून बघ, पटलं तर ठेव.

वर्षावासाला अजून वेळ आहे. तोपर्यंत एक काम प्रत्येकाला करता येईल. आपल्या गावात, वस्तीत, नात्यात गाणी लिहिणारं किंवा गाणारं कोण आहे ते शोधा. आजीच्या तोंडी एखादं गाणं असेल, एखाद्या दिवंगत शाहिराची वही कुणाच्या पत्र्याच्या पेटीत असेल, अकरावीतली एखादी मुलगी चोरून रॅप लिहीत असेल. त्यांचं नाव, गाव आणि एक गाणं, त्यांची परवानगी घेऊन, टिपून ठेवा. पहिल्या रविवारची यादी तिथूनच सुरू होईल.

जय भीम. नमो बुद्धाय.